अठ्ठावन्न किलो

रेवणप्पाने ज्वारीचं पोतं पायाने पारड्यातून खाली ढकललं आणि धाकट्या भावाला बोटाने खुणावलं.

"चढ. होऊन जाऊ दे एकदा सगळ्यांदेखत."

बाजार समितीतले हमाल हातातलं काम टाकून गोळा झाले. बसलिंग मान खाली घालून पारड्यात उकिडवा बसला. दुष्काळ सरून बाजारात पुन्हा ज्वारी यायला लागली, तेव्हा हाच गडी क्विंटलचं पोतं पाठीवर टाकून पळायचा. आता तीन महिने झाले, दहा पावलं टाकली की बसकण मारत होता. त्याची बायको नीलम्मा रोज एकच धोशा लावायची, यांना मोठ्या दवाखान्यात न्या. रेवणप्पाला पटेल तेव्हा ना! त्याच्या मते भाऊ सोंगाड्या आणि भावजय त्याची ढोलकीवाली.

रेवणप्पा तोलार होता. काटा हातात आला म्हणजे अक्कलही आली, असं त्याला वाटायचं. मंगळवेढ्याच्या एखाद्या शेतकऱ्याने दाण्यावर पाणी मारून वजन वाढवलं, की हा पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, ओलसर मूठ त्या बिचाऱ्याच्या नाकापुढे धरायचा आणि चारचौघांत त्याची लाज काढायचा. रेवणप्पाला फसवणारा अजून जन्माला यायचाय, हे वाक्य तर त्याच्या तोंडात पानासारखंच असायचं.

त्याने पन्नासचं वजन ठेवलं. मग पाचचं, दोनचं, एकचं. काटा सरळ झाला.

"अठ्ठावन्न! दिवाळीला बी अठ्ठावन्नच हुता. गुंजभर कमी न्हाई! म्हणं वाळून चाललाय. पोट बघा की, सावकारावानी सुटलंय. ऐतं खाऊन दुसरं काय हुणार?"

हमाल फिदीफिदी हसले. बसलिंगने सदरा पोटावरून खाली ओढला.

"आण्णा, खरंच पायात जीव न्हाई वो."

"काटा खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतंय." डबा घेऊन आलेल्या नीलम्माकडे वळून तो म्हणाला, "काम न्हाई तर सांजची भाकर न्हाई. ध्यानात ठेव."

घरात थोरल्याचा शब्द मोडायची सोय नव्हती. बसलिंग दुपारी जेवायचा तो एकदम दुसऱ्या दुपारीच. मधे नीलम्मा पदराआड चतकोर लपवून द्यायची, पण तेवढ्याने काय होतंय?

विसाव्या दिवशी रिकाम्या पोत्यांची चळत उचलताना बसलिंग कोसळला. रिकाम्या! हमालांनी त्याला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. रेवणप्पा मागून चालत होता आणि वाटभर बडबडत होता, की हे नवं नाटक.

डॉक्टरीणबाईंनी बसलिंगच्या पोटात सुई घालून नळी लावली. दुपारभर पिवळसर पाणी खालच्या बादलीत पडत राहिलं. बादली जवळजवळ भरली. मग त्यांनी दोघांच्या आधाराने त्याला काट्यावर उभं केलं.

"अठ्ठेचाळीस," त्या म्हणाल्या.

"तुमचा काटा बिघडलाय बाई," रेवणप्पा म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "यांचं यकृत खराब झालंय. पूर्वी कावीळ झाली होती म्हणता, तेव्हापासून आतून पोखरत असेल. अन्नातली ताकद तिथं साठून राहते. ती साठेनाशी झाली, की उपाशीपोटी शरीर स्वतःचंच मांस जाळतं. दंड, मांड्या, सगळं आटलं. पोटातल्या पाण्यानं वजन तेवढंच भरत राहिलं. अशा माणसाला रात्री उपाशी ठेवायचं नाही. झोपताना पोटात काहीतरी हवंच. रात्रीचं काय जेवतात हे?"

रेवणप्पाने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

नीलम्मा आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलली.

"भावजी, लोकांच्या पोत्यात कोपरापातूर हात घालता. ह्यांच्या अंगाला एकदा तरी हात लावून बघायचा हुता."

बादली अजून खाटेखालीच होती. रेवणप्पाने तिच्याकडे बघितलं, मग हात पुढे केला आणि बसलिंगचा दंड धरला. दंड त्याच्या मुठीत मावला.

बसलिंगने डोळे उघडले. भाऊ दिसताच उठून बसायची त्याची धडपड सुरू झाली.

"आण्णा, आता काट्यावर घालू नगा," तो म्हणाला. "कमी भरंन मी."