एटनावरच्या वाटाड्याची काठी

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असलेली, बुटकी आणि खालून काळी पडलेली ही काठी म्हणजे मी. मी जुनी आहे खरी, पण कुत्री हुसकायची काठी नव्हे. मी वाटाड्याची काठी! एटना या धुमसत्या ज्वालामुखीच्या डोंगरावर मी चोवीस वर्षं माणसं चढवली आणि उतरवली. मला थोडा गर्व आहे, तेवढा चालवून घ्या.

निकोलोसी गावाच्या वरच्या रानात म्हाताऱ्या सारोने मला चेस्टनटच्या झाडावरून तोडलं. जानेवारीत, चंद्र उतरणीला लागल्यावर. तेव्हा तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. वर्षभर द्राक्षारसाच्या पिंपांवर वाळत पडले. मग सारोने माझ्या टोकाला लोखंडी टोपण ठोकलं आणि मला आपल्या मुलाच्या, चिरिनोच्या हाती दिलं.

ते टोपण शोभेचं नव्हतं. आमच्या डोंगरावर राख पडते ती बर्फावरही पडते, आणि राखेखाली बर्फ जूनपर्यंत टिकतो. वरून काळी, घट्ट जमीन दिसते, पण खालून ऊब लागून बर्फ विरघळलेला असतो आणि आत नुसती पोकळी. लोखंड आपटलं की भरीव जागी 'खण्' वाजतं, पोकळ जागी 'ढब्'. सारो म्हणायचा, "चिऱ्या, डोळ्यांवर जाऊ नकोस. ती डोळ्यांना फसवते." ती म्हणजे डोंगर. घरातल्या तापट सासूबद्दल बोलावं तसं आमची माणसं तिचं नाव न घेता बोलतात.

काय दिवस होते ते! कातानियाच्या बंदरात मोठाल्या बोटी लागायच्या आणि दहा वाजेपर्यंत बसगाड्या भरून माणसं वर यायची. कुणाच्या पायात चपला, कुणी उन्हाळी टोपी घालून आलेलं. पिवळी शिरस्त्राणं चढवून, भाड्याचे बूट घालून ती रांगेने आमच्यामागे निघायची. वर धूर दिसला की थबकायची. मग चिरिनो ओरडायचा, "घाबरू नका हो! तिचा स्वयंपाक चाललाय. जेवायची वेळ व्हायची आहे अजून!" चार भाषांतून हशा पिकायचा. चढाला दमलेल्या आज्यांना तो मला धरायला द्यायचा. किती देशांचे तळवे माझ्या मुठीवरून फिरले असतील! त्या स्पर्शाची आठवण आली की आजही जीव कासावीस होतो.

पण टाळ्यांची चटक वाईट. ज्वालामुखीच्या जुन्या मुखाच्या कडेला एक तापलेली भेग होती. एकदा चिरिनोने गंमत म्हणून माझं टोपण उपटून खिशात टाकलं आणि मला भेगेत खुपसलं. माझं टोक धुमसायला लागलं. बोटीवरच्या मंडळींनी काय टाळ्या पिटल्या! झालं, मग तो रोजचाच खेळ झाला. टोपण घरच्या खणात गेलं ते गेलंच.

सारो तेव्हा होता. एका संध्याकाळी त्याने मला उचलून उलटसुलट पाहिलं.

"टोपण कुठाय?"

"लागत नाही हो बाबा. वाट तोंडपाठ आहे मला."

"वाट तुला पाठ आहे रे शहाण्या. तू तिला पाठ आहेस का?"

चिरिनो हसला. दोन हिवाळ्यांनी सारो गेला, आणि बोलणारं कुणी उरलं नाही. मी मात्र दर हंगामाला बोटभर आखूड होत गेले. खरं सांगू? टाळ्या मलाही आवडायच्या.

मग तो मे महिन्यातला दिवस आला. धुकं उतरलं होतं, मंडळी मागे रेंगाळत होती. बोटीवरची एक पोरगी सात नंबरची पाटी घेऊन सोबत असायची, ती सारखी घड्याळ दाखवत होती. "साडेपाचला बोट सुटते, चिरिनो! उशीर झाला तर मला घरी बसवतील!" चिरिनोने वळणाची वाट सोडली आणि वीस माणसं मागे घेऊन राखेच्या उतारावरून आडवा निघाला. सवयीने त्याने मला आपटलं. माझ्या जळक्या लाकडातून सगळीकडे एकच भुसभुशीत आवाज आला. मी ओरडले असते हो, पण कशाने ओरडू?

चौथ्या पावलाला राख फाटली आणि तो कमरेपर्यंत आत गेला. पाय दोन ठिकाणी मोडला. नशीब म्हणायचं की पुढे तोच होता. मंडळींनीच त्याला ओढून काढलं.

पाय जुळला, पण डोंगर सुटला. वाईट त्याचं वाटलं नाही. वाईट वाटलं ते चौकातल्या कॉफीच्या दुकानातलं बोलणं कानी आलं तेव्हा. "काठीच कुजकी निघाली. ऐन वेळी दगा दिला तिने," असं चिरिनो सगळ्यांना सांगत होता. चेस्टनटचं लाकूड, आणि कुजकं! गावाने हळहळ केली, विश्वास ठेवला. माझी रवानगी मागच्या अंगणात घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून झाली. वर धूर दिसायचा, खाली बंदरात बोटींचे भोंगे वाजायचे आणि माझ्या अंगावर शेंगा लोंबायच्या.

दोन वर्षांनी चिरिनोची मुलगी वेनेरा वाटाडी झाली. तिच्या हाती हलकी, चकचकीत धातूची काठी होती. मे महिन्यातच एक बोट वाऱ्यामुळे तीन तास उशिरा लागली, पण सहल रद्द झाली नाही. वेनेरा अंगणाच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. फाटकात बसचा ड्रायव्हर नेल्लो उभा होता. चिरिनो शेंगा तोडत होता.

"आज वेळ नाही बाबा. उतरताना राखेवरून आडवी नेते सगळ्यांना."

"वळणाने जा."

"तुम्ही नव्हता जात? काठी कुजकी नसती तर तुम्हालाही काही झालं नसतं. माझी बघा, नवीकोरी आहे."

चिरिनोचा हात शेंगेवरच थांबला. नेल्लोच्या जिभेला हाड नाही. त्याच्यासमोर काही बोललं की दुपारपर्यंत निकोलोसीभर होतं, हे चिरिनोला ठाऊक होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता खरं गिळेल पुन्हा.

"काठी कुजकी नव्हती," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तिचं टोपण मी काढलं होतं. टाळ्यांसाठी. आणि आडवं जायला तिने नाही सांगितलं, मी गेलो. वीस माणसं मागे होती, वेना. वीस! तुझ्या आजोबांनी बजावलं होतं आणि मी हसलो होतो. मी खोटं बोललो सगळ्यांशी."

नेल्लोने शीळ घातली. वेनेराने नाडीची गाठ आवळली. मग उठून बसकडे गेली.

त्या दिवशी ती वळणाने उतरली. बस बंदरावर पाऊण तास उशिरा पोचली. वरिष्ठांनी तिला फैलावर घेतलं, मंडळी कुरकुरली, आणि बोट? बोट थांबली होती. सगळे चढले तेव्हा सुटली. वेनेरा घरी आली, राखेने काळे झालेले दोन्ही पाय टेबलाखाली पसरून तिने दोन ताटल्या शेवया खाल्ल्या आणि म्हणाली, "बाबा, अजून वाढा." चिरिनोने वाढलं.

चौकात आठ दिवस त्याची थट्टा चालली. तरी तो रोज जायचा. मला त्याने घेवड्याखालून काढलं होतं. जाताना मला सोबत घ्यायचा, कारण मोडक्या पायाला आधार लागतोच.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, एवढं तर मी सांगेनच. पण त्याहून मोठं मागणं आहे. तुमच्या हातून काही चुकलं, तर ते आमच्या माथी मारू नका. आमचं काही जात नाही, आम्ही घेवड्याखाली उभ्या राहू. पण तुमच्या खोट्यावर विसंबून तुमचंच लेकरू त्या राखेवर पाऊल टाकायला निघतं.