झाकणावरचा हात

वेल्डिंगच्या दुकानासमोर एवढी गर्दी होती की मागच्यांना पुढच्यांच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं, आणि चमत्कार झाल्याची सगळ्यात पक्की खात्री नेमकी त्यांनाच होती.

पुढे एक म्हातारा ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या डिझेलच्या टाकीला बुडाशी बारीक फट पडली होती आणि ती गळत होती. ट्रॅक्टरच्या मालककाकांनी आधी तिथे साबण चोळून पाहिला, मग फटीत पुट्टीसारखी लांबी भरली, मग शेजारी उभं राहून शिव्या दिल्या. टाकी कशालाही बधली नव्हती.

आता तिच्याजवळ, नुसता हात ठेवून चमत्कार करणारे म्हणून ओळखले जाणारे हातबाबा उभे होते. त्यांनी टाकी आधी काठोकाठ भरून घेतली होती, कारण अर्धवट भांड्यात म्हणे कृपा टिकत नाही. मग डोळे मिटून त्यांनी उजवा तळवा टाकीच्या झाकणावर टेकवला आणि काहीतरी पुटपुटले. ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना सारखंच कळलं. फटीतून एक थेंब पडला. आणखी एक पडला. पुढचा लोंबकळला आणि तिथेच राहिला.

बाबांनी हात उचलला, टाकी गळू लागली. हात ठेवला, थांबली. लोकांनी हात जोडले. फट बघायला जे ट्रॅक्टरखाली शिरले होते, त्यांनी आडवं पडूनच जोडले.

त्याच वेळी दवाखान्यात सिस्टरचा फोन वाजला. तिला सगळी वस्ती सिस्टर म्हणायची. ताई म्हणणारा एकच होता, तिचा सख्खा धाकटा भाऊ, वेल्डर.

"ताई, येताना भाजल्यावरचं मलम आण जरा."

"कोण भाजलं?"

"अजून कुणी नाही."

सिस्टरला त्यातला 'अजून' अजिबात आवडला नाही. तिने एका पेशंटची संपलेली सलाईनची बाटली नुकतीच काढली होती. तिने ती सुयांसकट तशीच पिशवीत कोंबली, वर मलम टाकलं आणि निघाली.

गर्दीतून वाट काढताना तिला हकीकत तुकड्यातुकड्यांनी कळली. भावाने सकाळी साफ सांगितलं होतं, टाकी उतरवा, रिकामी करा, सोडा टाकून गरम पाण्याने धुवा, मगच मी हात लावीन. पण काकांना ट्रॅक्टर आजच हवा होता. आणि बाबांनी तर जाहीरच केलं होतं की आपण डिझेलचा स्वभाव शांत केला आहे, यापुढे अग्नी त्याला ओळखणार नाही, भरल्या टाकीवर खुशाल वेल्डिंग करा. भाऊ कचरला तेव्हा कुणीतरी म्हणालं, वेल्डरला ठिणगीची भीती म्हणजे न्हाव्याला केसांची. सगळे हसले. भावाचे कान अजून लाल होते. हातमोजे चढले होते, काळ्या काचेचा मुखवटा कपाळावर होता, मशीन घुमत होतं. घरी त्याची नुकती रांगायला लागलेली पोर होती.

"डोळ्यांनी पाहिलंय ताई," तो हळूच म्हणाला. "हात ठेवला की थांबतंय."

"मग मलम कशाला मागवलंस?"

तो घुटमळला. "विश्वासाला जोड म्हणून."

सिस्टरने ट्रॅक्टरकडे पाहिलं. फटीकडे नाही, हाताकडे. बाबांनी तो उचलून पुन्हा ठेवला तेवढ्यात तिला दिसलं. झाकणाच्या मधोमध एक भोक होतं, टाचणी जाईल एवढं, आणि बाबांचा तळवा बरोबर त्याच्यावर. तिला वाटलं, हे आपण रोज बघतो, फक्त याला कुणी नमस्कार करत नाही.

"बाबा, हात थोडा बाजूला ठेवा," ती म्हणाली. "टाकीवरच, पण झाकणावर नको. कृपा दोन बोटं सरकेल ना?"

बाबा मायेने हसले. "पोरी, झाकण म्हणजे टाकीचं मस्तक. आशीर्वाद डोक्यावर देतात, कुणी पोटावर देतं का?"

गर्दी खूश झाली. मालककाकांनी सिस्टरला इंजेक्शनं सांभाळायचा सल्ला दिला. एवढ्यात भावाने मुखवटा खाली ओढला, वेल्डिंगची कांडी चिमट्यात धरली आणि तो टाकीखाली सरकला.

तो सरकला तसे बाबाही सरकले, पण उलट्या दिशेने. कृपा लांबून जास्त पसरते, असं समजावत ते मागे मागे गेले आणि रस्त्यापलीकडच्या भिंतीशी जाऊन थांबले. तिथूनही त्यांना कृपा पसरायला आणखी थोडी जागा लागेलसं दिसत होतं.

झाकणावर आता कुणाचाच हात नव्हता. टाकी गळू लागली. पहिला थेंब भावाच्या बाहीवर पडला, दुसराही तिथेच. काळ्या काचेतून त्याला ते दिसले नाहीत. त्याने कांडी फटीकडे नेली.

सिस्टर दुकानाच्या आतल्या भिंतीपर्यंत कशी पोहोचली ते तिला नंतरही आठवलं नाही. तिने मेन स्विच खाली ओढला. मशीनची घरघर थांबली. कांडी टाकीला टेकली आणि नुसती खट वाजली.

"बाहेर ये," ती म्हणाली. तिने त्याचा पाय धरून ओढला. "बाहेर ये आधी."

मग ती टाकीपाशी गेली आणि झाकणाच्या भोकावर तिने आपला अंगठा दाबला. लोक वाकले. एक थेंब पडला, एक लोंबकळला आणि थांबला.

"मी तपश्चर्या केलेली नाही," सिस्टर म्हणाली. "सकाळी आंघोळ केली, तेवढंच."

समोरच्या आजींनी लगेच तिलाच हात जोडले. सिस्टरने त्या जोडलेल्या हातांतला एक सोडवला आणि त्याचा अंगठा भोकावर ठेवला. गळती थांबली. मग न्हाव्याची गोष्ट काढणाऱ्याला बोलावलं, त्याच्यासाठीही थांबली. मालककाकांसाठी तर लगेच थांबली. बघता बघता अर्धी गर्दी सिद्ध पुरुषांची झाली आणि चमत्काराला रांग लागली.

सिस्टरने पिशवीतली बाटली काढली, दुकानातल्या पाण्याने भरली, बूच घट्ट लावून उलटी धरली आणि बुचात एक सुई खुपसली. दोन थेंब पडले आणि पाणी अडलं. मग वरच्या अंगाला दुसरी सुई टोचली, तशी धार लागली. वरून हवा आत गेली तरच खालून पाणी बाहेर येतं, ती म्हणाली. झाकणाला भोक असतं ते हवेसाठी. ते बुजवलं की डिझेल जागच्या जागी अडतं, आणि टाकी काठोकाठ भरलेली असली की चटकन अडतं. "म्हणून तर भरून घेतली होती. फट होती तशीच आहे."

"पण अग्नी?" काकांनी विचारलं. त्यांना थोडा तरी चमत्कार शिल्लक हवा होता.

सिस्टरने भावाला शर्ट काढायला लावला. डिझेलने भिजलेली बाही कात्रीने कापली आणि ट्रॅक्टरपासून खूप लांब, मोकळ्या जागी वाळूच्या घमेल्यात टाकली. काडी ओढून धरली. बाहीने जरा विचार केल्यासारखं केलं, मग पेटली, आणि काळा धूर सोडत शेवटपर्यंत जळली.

"ओळखलं अग्नीने," सिस्टर म्हणाली.

भाऊ बनियनवर उभा राहून स्वतःच्या उघड्या दंडाकडे बघत होता.

"बाबा, या," काकांनी रस्त्यापलीकडे हाक मारली. आवाजात मघाची अदब नव्हती. "हात ठेवून उभे राहा, पोरगा वेल्डिंग करतोय."

भिंतीशी कुणी नव्हतं. कृपा बरीच लांब पसरली होती.

मग टाकी उतरवली, रिकामी केली, सोडा घालून गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली. आडवी करून फट आणि झाकण दोन्हींच्या खालपर्यंत पाण्याने भरली, हवेला वाट म्हणून झाकण उघडं ठेवलं, आणि भावाने दुसऱ्या दिवशी ती जोडली. बघायला कुणी आलं नाही. तापलेल्या जोडावर घाईने बोट ठेवून त्याने ते भाजून घेतलं, तेव्हा मलम लागलंच.

"माझा विश्वास बसला होता, ताई," बोट पुढे करून तो म्हणाला.

"सगळा नाही. मलम मागवणारा तेवढा शिल्लक होता." तिने फुंकर घातली. "पुढच्या वेळी त्याचं आधी ऐक."

असा एक जण प्रत्येकाच्या आत असतो. गर्दीत त्याचा आवाज बारीक होतो, लोक हसले की तो कान लाल करून गप्प बसतो. त्याला बोलू द्यावं. कुणी चमत्काराचा हात दाखवला तर आधी तो हात दोन बोटं बाजूला ठेवायला सांगावा. खऱ्या गोष्टीचं त्याने काही बिघडत नाही.