नाग निघतो म्हणून बंद

"रेल्वे ही सरकारची नव्हे, जनतेची ठेव आहे आणि तिच्या एकेका विटेचा मी राखणदार आहे!" अशी अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशी घोषणा करून प्रवासी संघटनेचे अध्यक्ष किसनराव यांनी बायकांच्या शौचालयाला कुलूप ठोकले आणि किल्ली करदोट्याला अडकवली. आत त्यांच्या हळदीची अकरा पोती होती.

किल्ली त्यांच्याकडे आली होती ती रीतसर. घाण फार होते, कुणीतरी जबाबदार माणूस हवा, असा संघटनेने ठराव केला. बैठकीला किसनराव एकमताने हजर होते. तेव्हापासून तिथे घाण होणे थांबले, कारण तिथे कुणी गेलेच नाही. हळदीला भाव आला की पोती हिंगोलीला जाणार होती. भाव येत नव्हता.

वळून पाहतात तर दोन दिवसांपासून फलाटावर फिरणारा तो अनोळखी माणूस आजही आलेला.

उंबरगव्हाणच्या स्टेशनात मोजण्यासारखे असे असणार काय? एक फलाट, दोन बाकडी, एक नळ आणि गाडीच्या अर्धा तास आधी उघडणारी तिकीट खिडकी. पण हा माणूस फाटकापासून खिडकीपर्यंत पावले टाकत गेला, वहीत लिहिले. खिडकीपासून बाकड्यापर्यंत गेला, पुन्हा लिहिले. अंगात पांढरा सदरा, खिशाला दोन पेन. एक पेन मास्तराला असते, दोन साहेबाला असतात, हे किसनरावांनी साठ वर्षांत पारखून ठेवले होते.

"काय मोजून राहिले, साहेब?"

"पावलं."

"काहून?"

"लागतात." त्याने वहीतून मान न काढता विचारले, "बायांची सोय कुठं हाय?"

"हाय न. पन बंद हाय. नाग निघतो."

"नाग," असे पुटपुटत त्याने तेही लिहून घेतले.

तो फाटकाबाहेर गेला तशी पेरू विकणारी पारुबाई म्हणाली, "अध्यक्ष, नाग पिवळा हाय, हे न्हाई सांगितलं त्याला?"

"गुमान बस. वरून आलाय तो. अचानक तपासणी म्हन्तात हिला."

"अचानक? तीन दिस झाले येऊन राहिला."

किसनराव हसले, पण त्यांचा हात करदोट्याकडे गेला. पोती जप्त झाली तर वर्षाची मेहनत गेली. अध्यक्षपद जाईल ते वेगळेच, आणि गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

चौथ्या दिवशी त्या माणसाने कहर केला. तो सरळ बंद दारापाशी गेला, वाकला आणि वास घेतला.

"नागाला हळदीचा वास येतो का हो?"

किसनरावांना एकदम खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

दुपारची गाडी गेली आणि त्यांनी पुतण्याचा टेम्पो बोलावला. पोती घराच्या ओसरीत जाऊन पडली. त्यांच्या बायकोने, पार्वतीबाईंनी, "आता झोपावं कुठं?" असे विचारले. अध्यक्षांनी स्वतः धोतर खोचले, फरशी घासली, फिनाइल ओतले, बादली भरली, वर नवा मग ठेवला. फरशीचा पिवळेपणा मात्र काही केल्या जाईना. शेवटी त्यांनी दोन उदबत्त्या लावल्या.

सकाळी तो माणूस आला, आणि सोबत एक बाई. हळू चालणारी, फलाट नीट पाहून घेणारी. किसनरावांनी ओळखले, ही मोठी साहेब. टोपी सारखी करून ते पुढे झाले.

"या मॅडम! जनतेसाठी सताड उघडं हाय. नाग पकडला. चहा सांगू?"

बाईने मान हलवली, त्यांच्याकडे न बघता आत गेली आणि कडी लावली.

"साहेब," किसनराव दबक्या आवाजात म्हणाले, "फरशी पहिल्यापासूनच तशी हाय. वर कळवायचं तर जरा सांभाळून कळवा."

"कुठं वर?"

"तपासणीला आले न तुमी?"

"मी? मी रामसिंग. तांड्यावर शेती करतो."

"मंग दोन पेन?"

"एक चालत न्हाई."

किसनरावांनी पारुबाईकडे पाहिले नाही. तिने पेरू पुसायला घेतला होता.

"मंडळीला शुगर हाय," रामसिंग म्हणाला. "घडीघडीला जावं लागतं, अन् गुडघे धरल्यानं लय चालवत न्हाई. गाडीत सोय हाय, पन गाडी येईस्तोवर काय करावं मान्सानं? अकोल्याला लेकीला पोरगी झाली. सहा महिन्यांची झाली ती. हिनं तोंड पाहिलं न्हाई अजून. म्हनून म्या आधी सारं मोजून घेतलं." त्याने वही उघडून दाखवली. फाटक, खिडकी, बाकडं, दार. दारापुढचा 'नाग' आज खोडला होता. "आधी म्हनायची, पानीच पेत न्हाई, मंग सोय कशाला? कालपासून थेंब घेतला न्हाई तिनं."

किसनरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. या फलाटावर त्यांच्या बाबतीत असे पहिल्यांदाच घडत होते.

कडी निघाली. रामसिंगची बायको जनकाबाई पदराला हात पुसत बाहेर आली, बाकड्यापर्यंत चालत गेली आणि टेकली. लांबून गाडीचा भोंगा आला. तिने किसनरावांकडे पाहिले.

"भाऊ," ती म्हणाली, "गिलासभर पानी मिळंल का प्यायला?"