मक्याला फुटलेला पंजा

वळ गावच्या गोदामांमागे, शेतातल्या घोटाभर पाण्यात, मंडप उभा राहिला होता. ट्रकवाले चपला हातात धरून रांगेत. "देख भाई, सचमुच का पंजा है!" एकजण मोबाइल उंचावत म्हणाला.

पंजा मक्याचा होता. पाण्याच्या जरा वर, ताटाच्या पेऱ्यातून पाच गुलाबी बोटं फुटलेली, वर कुंकू. पानं जांभळी पडलेली. मका उन्नतीच्या वडिलांनी पेरला होता. तो गुडघ्याला लागायच्या आत ते गेले.

"बापाचा हात हाय हा!" भूमीनाथ महाराज गरजले. "पोरीनं अग्नी दिला, म्हणून जीव चिखलात अडकला. पानं बघा, रागानं काळीनिळी! दसऱ्यापर्यंत पाणी हलवू नका. पाणी हललं की हात सुटला, मग जीव कायमचा चिखलात!"

महाराजांच्या लाउडस्पीकरची वीज शेजारच्या गोदामातून येत होती. त्याच गोदामाच्या भरावानं शेतातलं पाणी जायची मोरी बुजली होती. तेवढं मात्र दिव्यदृष्टीला दिसत नव्हतं.

उन्नतीची आई, कमळ, त्या ताटापाशीच बसून असे. अग्नी देणाऱ्या लेकीशी तिनं बोलणं टाकलं होतं. पहिल्या दिवशी उन्नतीनं हळूच ती बोटं धरून पाहिली. सोडवेनात. मग तिची नजर बांधावर गेली. तिथं उंचावर तोच मका हिरवागार होता, आणि बोट एकही नव्हतं.

आठवड्यानं ती दोन बादल्या घेऊन मंडपात शिरली. दोन्हींत बांधावरचीच रोपं. एकीला तळाशी भोकं, दुसरीत पाणी तुंबवलेलं. तुंबलेल्या रोपाला बोटं फुटली होती.

"महाराज, हा कोणाचा हात?"

महाराजांनी डोळे मिटले. "तुझ्या चुलत्याचा. तोही अतृप्त हाय."

"मी जिता हाय की!" चहाचा पेला सांभाळत रामनाथकाका ओरडला. "मना कदी मारलास रं?"

मंडप खदखदला. उन्नतीनं पंज्यावरचं कुंकू पुसलं. पेऱ्याभोवती ताजे खुडलेले खुंट दिसले. मुळं बरीच फुटली होती, ठेवली होती पाचच. महाराजांनी हात शालीत घेतले.

"पाणी तुंबलं की मातीत हवा उरत नाही," ती म्हणाली. "जुनी मुळं गुदमरतात. मग ताट वरच्या पेऱ्यातून नवी मुळं काढतं." तिनं बादलीतलं एक मूळ मोडून दाखवलं, आत स्पंजासारखी जाळी. "ही हवेची वाट. आणि मुळं थकली की पानात साखर साचते, पान जांभळं पडतं. त्यात राग कसला?"

"म्हंजे ते... अडकले न्हाईत?" कमळनं विचारलं. कितीतरी दिवसांनी, लेकीला.

"नाही, आई. पाणी अडकलंय."

कमळ उठली. पदर खोचून तिनं फावडं उचललं आणि मोरीकडे निघाली. रामनाथकाकानं पेला खाली ठेवला. दोन ट्रकवाल्यांनी पँटी दुमडल्या. महाराज गोदामाच्या फाटकातून आत गेले. वॉचमननं त्यांना अडवलं नाही.

संध्याकाळपर्यंत पाणी वाहू लागलं.

अशी बोटं तुम्हाला कुठं दिसली, तर हात जोडण्याआधी शेजारचं कोरड्यातलं रोप बघा. आणि पाणी अडवलं कोणी, हे मोठ्यानं विचारा.