जोडीदार

दारू सोडलेल्या आम्हा दोघांची पास्टरनी जोडी लावून दिली होती. मोह झाला की रस्ता बदलायचा अन् जोडीदाराला फोन करायचा. माझा जोडीदार दाविद. चार महिने त्यानं दर खेपेला फोन उचलला अन् फोनवरच माझ्यासाठी प्रार्थना केली.

आज दुपारी मी रस्ता न्हाई, गावच बदललं. आमच्या कंधारात ओळखीचे लई, म्हणून एसटीनं लोह्याला आलो अन् देशी दारूच्या दुकानासमोर उभा राहिलो. तरी फोन लावला. "उचल की रे दाविद, मी मरून राहिलो!"

रिंग दुकानातूनच ऐकू आली. रविवारी आम्ही उपासनेत म्हणतो तेच गाणं.

पडदा सारला. कोपऱ्यातल्या बाकड्यावर दाविद रडून राहिला होता. पुढं भरलेला ग्लास होता, अजून तोंड न लावलेला. फोनवरचं माझं नाव तो नुसता बघत होता.

त्याला ओढून काढायचं तर आत जाणं भाग होतं. मी उंबरठा ओलांडला अन् तो वास नाकात शिरला.

देवा, दाविदला मी बाहेर काढीन. मला कोण काढील?