चौकटीवरची काजळी

मित्रांनो, मी एक जुनी, जळकी पोलीस चौकी आहे. सोलापुरात, विणकरांच्या एका गल्लीच्या तोंडाशी इंग्रजांनी मला काळ्या घडीव दगडात बांधलं. माझ्यासमोरून जाताना माणसं खाली मान घालत. तेव्हा माझी ऐट काय विचारता!

एकोणीसशे तीसच्या मे महिन्यात शहरात गोळीबार झाला आणि लोक खवळले. त्यांनी माझ्या दारात सुताच्या चिंध्या टाकून मला पेटवलं. छप्पर कोसळलं. पुढे मार्शल लॉ आला, घराघरांतून धरपकड झाली. जळणाऱ्यानं जाळणाऱ्यांचं कौतुक करावं, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा मोकळं वाटलं. दाराच्या दगडी चौकटीवर काजळी तेवढी राहिली. गल्लीत मूल जन्मलं, की बारशाला तिचीच तीट लावायची पद्धत पडली. एरवी मात्र मंडपाचे बांबू ठेवण्यापलीकडे कुणी माझ्याकडे फिरकत नसे.

परवा माझं धाबं दणाणलं. क्रांतिदिनासाठी मंडळाच्या पोरांनी मला ऑइलपेंट द्यायचं ठरवलं, देवळाला देतात तसा. युवराज शिडीवर चढला आणि तारेच्या ब्रशनं चौकट खरवडू लागला. काजळी भुरुभुरु गळत होती आणि मला ओरडता येत नव्हतं. वरची बाजू संपवून तो खाली उतरला, दोन्ही बाजूही खरवडत आणल्या, तेवढ्यात त्याची आजी गोजरबाई त्याचीच तान्ही लेक घेऊन तीट लावायला आली.

“आरं थांब! काय करतुयास?”

“आज्जी, क्रांतीची चौकी अशी काळी बरी दिसती व्हय? रंग दिल्यावर बघ की, लई भारी दिसंल. तिटंला काजळाची डबी आणतो.”

“ही काळी माज्या सासऱ्यानं केलीया, बाबा. तुरुंगातनं सुटून आल्यावर त्येनंच पहिली तीट लावली. म्हणायचा, सायबाची नजर लागली न्हाय, मग दुसऱ्याची काय लागंल? तुज्या गालाला बी हितलीच लावलीया.”

युवराजनं ब्रश खाली ठेवला. खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढी काजळी उरली होती. गोजरबाईनं बोट पुढं नेलं आणि तसंच मागं घेतलं.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “एवढीच उरलीया.”

पोर तीट न लावताच घरी गेली. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, जुन्या वास्तूंची काळजी जरूर घ्या. पण ब्रश हातात घेण्याआधी गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. लोकांनी रागानं मला पेटवलं, तेव्हा माझं काही गेलं नव्हतं. जे गेलं, ते परवा, प्रेमानं गेलं.