बासरीवाली शेजारी असताना

"अहो, किती मारताय त्या बिचाऱ्याला," बायको म्हणाली.

बिचारा म्हणजे फोनच्या पडद्यावरचा गवताचा पुतळा. सरावाच्या मैदानात तो खांबाला बांधून उभा असतो. कोणीही यावं आणि त्याला झोडपून जावं. लिफ्टचा मिस्त्री संध्याकाळपासून सोफ्यावर पाय वर घेऊन तेच करत होता. गेममध्ये नवी भालेवाली आली होती आणि ती घ्यावी की नाही, हे खेळणाऱ्यांच्या ग्रुपला मिस्त्री सांगणार होता. एकेक पात्र घ्यायला लागणारी तिकिटं जमवताना लोकांचा जीव मेटाकुटीला यायचा. त्यामुळे मिस्त्रीचा निकाल येईपर्यंत शहाणी माणसं हात आखडून बसत. कामावर कुणी त्याला एवढं विचारत नसे, म्हणून ही मास्तरकी त्याला मनापासून आवडायची.

त्याची मोजायची पद्धत सरळ होती. सगळ्यांना सारख्याच ताकदीचं शस्त्र, तोच पुतळा, आणि बरोबर कोणी साथीदार नाही. भालेवालीचं दुखणं असं, की तिचा स्वतःचा वार हलका. साथीदारांनी तिला बफ दिला, म्हणजे तात्पुरती ताकद चढवली, तरच तिचा भाला जोर धरायचा. मैदानात एकटी सोडली तर पुतळ्याचं गवतही नीट हलत नव्हतं.

"टेकूवर उभी आहे नुसती," मिस्त्री म्हणाला. "टेकू काढला की संपलं."

"मग टेकू काढताच कशाला?" बायको शेंगा निवडत म्हणाली. तिच्या फोनची काच फुटून तो दुरुस्तीला गेला होता, म्हणून आज तिला शेंगा आणि नवरा, दोन्हींकडे लक्ष द्यायला सवड होती. एरवी तीही त्याच्या शेजारी बसून हाच गेम खेळायची. तिचं पात्र बासरीवाली. ती स्वतः कुणाला मारत नाही. नुसती बासरी वाजवते आणि जवळच्यांचा जोर वाढतो. 'तू हीच घे, हिला डोकं लागत नाही,' असं सांगून मिस्त्रीनंच ती तिच्या गळ्यात मारली होती.

"एकट्याचं किती, ते कळायला नको?" म्हणत मिस्त्रीनं निकाल लिहिला. पाचपैकी दोन. एकटी पोकळ, तिकिटं वाया घालवू नका. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझर बाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. बाई सरळ होत्या, उगाच घोळवत बसत नसत.

"पुढच्या महिन्यापासून आपल्या भागात एकेकट्यानं फिरायचंय. वरून आलंय. तुमच्या जोडीतला एकच राहील."

मिस्त्रीच्या जोडीदाराला सगळे 'सावकाश' म्हणत. हाक मारली तर तो आधी चष्मा पुसणार, मग वळणार, आणि मग 'काय?' विचारणार. दोघं इतकी वर्षं एकत्र होते की मिस्त्रीला त्याच्या आधीचं काम आठवतही नव्हतं.

"दुरुस्त्या तर सगळ्या तुमच्याच हातच्या दिसतात," बाई म्हणाल्या. "तो नेमकं काय करतो? खरं सांगा, शनिवारपर्यंत मला कळवायचंय."

"तो मदतीला असतो."

"म्हणजे काय करतो?"

मिस्त्रीनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. नाव घ्यावं असं काही हाती लागेना.

"असतो," तो म्हणाला.

बाईंनी मान डोलावली. सावकाशला या वयात दुसरीकडे कोण घेणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. मिस्त्रीला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण आपली जागा पक्की आहे म्हटल्यावर माणसाला वाईट वाटायला बरंच सोपं जातं.

संध्याकाळी बायकोचा फोन नवी काच लावून घरी आला. ती सोफ्याच्या आपल्या कोपऱ्यात बसली आणि गेम उघडून बासरीवालीची विचारपूस करू लागली.

"ही बघ तुझी लाडकी भालेवाली," म्हणत मिस्त्रीनं तिला मैदानात उतरवलं. एका वारात पुतळ्याच्या डोक्यावर जो आकडा उमटला, तो पाहून मिस्त्री सरळ बसला. कालच्याच्या कितीतरी पट.

"काय केलंस तू?"

"मी काय करणार? फोन चालू केला."

"बंद कर बरं जरा."

तिनं गेम बंद केला. भालेवाली पुन्हा मऊ पडली. चालू केला, पुन्हा उसळली. दोघांची खाती गेममध्ये जोडलेली होती, पण बासरीचा जोर सरावाच्या मैदानात पोचत नाही, अशी मिस्त्रीची ठाम समजूत होती. ती त्यानं कधी तपासली नव्हती. आता त्यानं बायकोला पुन्हा फोन बंद करायला लावला आणि आपला लाडका तलवारवाला मैदानात आणला. त्यानंच पाचपैकी पाच दिलेला, ग्रुपनं डोक्यावर घेतलेला. तलवारवाला भालेवालीपेक्षाही खाली गेला.

म्हणजे आजवर जेवढी पात्रं त्यानं 'एकटी' म्हणून मोजली, ती सगळी बासरी ऐकत लढली होती. खरोखर एकटी अशी फक्त भालेवाली सापडली, तीसुद्धा काच फुटली म्हणून.

बायकोला आधी हसू आलं. मग ते जरा ओसरलं.

"एवढे दिवस मी इथे वाजवत होते, ते तुमच्या हिशोबातच नव्हतं?"

"तू असतेसच ना शेजारी. म्हणून लक्षात नाही आलं."

"हो, असतेच," ती म्हणाली आणि फोन ठेवून आत गेली.

मिस्त्रीला ते लागलं. आपणही सकाळी केबिनमध्ये याच एका शब्दावर एका माणसाचा निकाल लावून आलो, हे त्याला आठवलं, आणि त्याला जेवण गोड लागेना.

सावकाशची दाढ कितीतरी दिवस ठणकत होती. मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला दातांच्या डॉक्टरकडे पिटाळलं. "आज मी एकटा बघतो," म्हणाला. खरं तर त्याला मोजायचं होतं.

उंच इमारतीतली लिफ्ट मध्येच अडकत होती. मिस्त्री लिफ्टच्या टपावर चढला. पाना हवा होता, तो खाली पिशवीत. उतरला, पुन्हा चढला. आता दार कुठल्या मजल्यावर नीट लागत नाही ते पाहायला हवं होतं, म्हणजे एकानं टपावर आणि एकानं मजल्यावर. मिस्त्री एका वेळी एकाच ठिकाणी असू शकत होता. तो वर गेला की खाली लोक बटण दाबून वैतागत. त्यांना समजवायला खाली आला की वरचा आवाज निसटायचा. एक आजोबा काठी टेकत जिना चढू लागले, तेव्हा त्याला जाणवलं की इतक्या वर्षांत अशी माणसं आपल्या नजरेसच पडली नव्हती. सावकाश त्यांना खाली खुर्ची आणून बसवायचा, गप्पांत गुंतवायचा. काम झालं, पण जे चहाच्या आधी व्हायचं, ते जेवणाची वेळ उलटल्यावर झालं. शिवाय एक तार उलटी लागली होती, ती पुन्हा काढावी लागली. 'ही बघ हं,' एवढं म्हणणारं तिथे कोणी नव्हतं.

शनिवारी तो केबिनमध्ये गेला.

"बाई, एकट्याचं मोजायचं असेल तर माझंच मोजा. मी मोजून आलो."

"मग?"

"पाचपैकी दोन."

बाईंना वाटलं तो थट्टा करतोय. मग त्याचा चेहरा पाहून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे मी वर कळवलं तर तुमची ही जागा राहत नाही. जोडीनं काम आता फक्त गोदामांकडे उरलंय. मालाच्या लिफ्ट, धूळ, लांबचा प्रवास. इथली मुख्य मिस्त्री ही ओळखही जाईल. विचार केलाय?"

"केलाय. तिकडे दोघांना घेतील?"

"दोघांना घेतील."

"मग कळवा."

ही जागा मिळवायला त्यानं अर्धं आयुष्य घातलं होतं, आणि ती जाताना दुखत नाही असं काही नव्हतं.

घरी येऊन त्यानं ग्रुपवर लिहिलं, की माझी आजवरची सगळी परीक्षणं चुकीची आहेत. बासरीवाली शेजारी बसली होती आणि मी ती मोजलीच नाही. काहींनी समजून घेतलं. बऱ्याच जणांनी आपल्या वाया गेलेल्या तिकिटांवरून त्याला फैलावर घेतलं. पुढचं पात्र आलं तेव्हा ग्रुपनं दुसऱ्याच कुणाला तरी विचारलं. बायकोनं ते वाचलं आणि ती सोफ्यावर जरा जवळ सरकून बसली.

महिन्याच्या पहिल्या दिवशी दोघं गोदामावर पोचले. वाटेत सावकाशनं दोनदा चष्मा पुसला होता, म्हणजे त्याला काहीतरी विचारायचं होतं.

"माझ्यामुळे आलो का आपण इकडे?" अखेर तो म्हणाला.

"नाही. माझ्यामुळे."

सावकाशनं त्यावर चांगला विचार केला. "बरं," म्हणाला.

फाटकावरच्या वॉचमननं खुंटीवरचं हेल्मेट काढलं आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुमच्यातला मिस्त्री कोण?"

सावकाशचं बोट सवयीनं मिस्त्रीकडे वळलं. मिस्त्रीनं ते हातानं हळूच खाली केलं.

"दोघंही," तो म्हणाला.

"मग आणखी एक काढायला लागेल," कुरकुरत वॉचमन आत गेला आणि दुसरं हेल्मेट घेऊन आला. सावकाशला हेल्मेटची सवय नव्हती. त्यानं ते आधी उलटं घातलं, मग सुलटं केलं, मग हनुवटीखाली पट्टा अडकवायला लागला. आत कुणीतरी लिफ्टसाठी ओरडत होतं. मिस्त्री पिशवी खांद्याला लावून मालाच्या लिफ्टचं जड दार हातानं धरून उभा राहिला, आणि सावकाशचा पट्टा नीट बसेपर्यंत त्यानं त्याला हाक मारली नाही.